टाकी कुणाच्या पाण्याने भरायची?

हौशी: गाडीमागे चाकांवरचं घर ओढत नेतो म्हटलं की लोक आधी विजेचं विचारतात. विजेचा प्रश्न छपरावरच्या सौर पॅनेलने केव्हाच सोडवला. रानात किती दिवस राहता येईल, हे पाणी ठरवतं. माझ्या ट्रेलरची टाकी शंभर लिटरची आहे. माणसं दोन. आंघोळ तांब्याने, भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची, नळ सोडून उभं राहायचं नाही. एवढं पाळलं तर माणशी पंधरा-सोळा लिटरांत दिवस निघतो आणि टाकी तीन दिवस जाते. मग एका सकाळी पंपाचा आवाज बदलतो, तो कोरडा फिरायला लागतो, आणि दोनच वाटा उरतात. बिऱ्हाड आवरून पनवेलला परत यायचं, नाहीतर जिथे आहोत तिथेच टाकी भरायची. मी दुसऱ्या वाटेचा. त्यासाठी ट्रेलर जागचा हलवावा लागत नाही. वीस लिटरचे कॅन, बारा व्होल्टचा छोटा पंप, बागेतला हिरवा नव्हे तर पिण्याच्या पाण्याला चालतो तो पाइप, आणि टाकीच्या तोंडाला बांधायला सुती फडकं. पाइपचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं टाकीत. पाच कॅन ओतले की पुढचे तीन दिवस आपले.

शंकेखोर: पाइपची दोन्ही टोकं सांगितलीत. कॅन कुठे भरला, ते राहिलं. आपण फेब्रुवारी ते मे या दिवसांचंच बोलू, कारण भर पावसात त्या चिखलाच्या वाटांवर तुम्ही ट्रेलर घालणार नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. देशातल्या कितीतरी भागांना हेवा वाटावा इतका. पण सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. फटींत, मुरमात मुरेल तेवढंच मागे राहतं, बाकीचं ओढ्यांनी गाढी नदीत आणि तिथून खाडीत. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत होळीनंतर विहिरींचे तळ दिसायला लागतात. बायका पहाटे जाऊन झऱ्यापाशी बसतात, वाटीने पाणी हंड्यात भरतात आणि पुन्हा झरा साचायची वाट बघतात. तुम्ही पाच कॅन म्हणता तेव्हा मला ती वाटी दिसते. आणि वाड्यांचं कशाला, पनवेल शहराचं स्वतःचं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं आणि शहरात दिवसाआड पाणी येतं. तुमच्या सोसायटीच्या दाराशी टँकर उभा असतो तो काय हौसेने? तुम्ही ग्रिडबाहेर जातो म्हणता, पण इथे बाहेर असं काही नाहीच. एका रेशनच्या रांगेतून उठून तुम्ही दुसऱ्या रांगेत उभे राहता, आणि तिथे तुमचं कार्ड नाही.

हौशी: टँकरचं काढलंत ते बरं केलंत, कारण आकड्यांची बाजू माझी आहे. शहरांच्या पाणीयोजना माणशी रोज 135 लिटर धरून आखतात. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी माणशी 55 लिटरांचं उद्दिष्ट ठेवलं. मी ट्रेलरमध्ये सोळावर जगतो. म्हणजे मी फ्लॅटचं दार ओढून रानात गेलो की रायगड जिल्ह्याच्या पाण्यावरचा माझा भार कमी होतो. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पोहण्याचे तलाव असलेले रिसॉर्ट आहेत, दुसऱ्या घरांच्या हिरवळी आहेत, आणि त्यांच्या बोअर दिवसरात्र चालतात. त्यांच्याबद्दल तुम्ही लेख लिहीत नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा लिटर मोजायला घेतला, त्यालाच उभा करता. आणि मोजणं म्हणजे काय ते ट्रेलरनेच शिकवलं. घरात नळ उघडला की पाणी येतं. इथे टाकीवरचे चार दिवे एकेक करून विझताना दिसतात.

शंकेखोर: सोळा लिटर हा आकडा मला माहीत आहे. आपत्तीनंतरच्या छावण्यांत माणशी किमान पंधरा लिटर पाणी मिळावं, असं मदतकार्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे निर्वासिताचं किमान तुम्ही सुट्टीपुरतं अंगावर घेता आणि रविवारी रात्री गीझरखाली उभे राहता. त्याला माझा आक्षेप नाही, काटकसरीची शिकवणी कुठूनही मिळो. माझा मुद्दा बेरजेचा नाही, जागेचा आणि वेळेचा आहे. पनवेलच्या नळातले शंभर लिटर आणि एप्रिलमध्ये वाडीच्या विहिरीतले शंभर लिटर हे एका मापाचे नाहीत. मग सरळ उपाय असा, की पाणी घरून न्या. शंभराच्या जागी दोनशेची टाकी बसवा, काठोकाठ भरा आणि निघा.

हौशी: सरळ दिसतो, पण एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटर म्हणजे तीन दणकट माणसं ट्रेलरमध्ये बसवून बोरघाट चढायचा, आणि ती माणसं वळणावर एका बाजूला कलंडणारी. टाकी अर्धवट भरली असेल तर पाणी हिंदकळतं. ती चाकांच्या आसाच्या मागे असेल तर शेपूट जड होतं आणि उतारावर ट्रेलर डोलायला लागतो. हलक्या गाडीमागचा छोटा ट्रेलर मुळात एवढ्या वजनासाठी बांधलेलाच नसतो. म्हणून जाणकार सांगतात, निघताना वाटेपुरतं भरा, उरलेलं मुक्कामाच्या जवळ घ्या. हा आळस नाही, ब्रेकचा हिशेब आहे.

शंकेखोर: म्हणजे तुमच्या ब्रेकच्या सोयीसाठी वाडीने पाणी द्यायचं.

हौशी: वाडीनेच असं कुठे म्हटलं? आधी दुसऱ्या जागा बघतो. पेट्रोल पंपावर गिऱ्हाइकाला पिण्याचं पाणी फुकट मिळायलाच हवं, तेल कंपन्यांचा तसा नियम आहे. धाब्यावर जेवलो तर मालक मागच्या नळावर कॅन भरू देतो. 2021 साली राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात गाड्या उभ्या करायला पार्क, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, असा सगळा विचार आहे. असे तळ जागोजागी झाले असते तर आपला हा वाद निम्मा संपला असता.

शंकेखोर: पंपावरचं पाणी बाटलीसाठी असतं, टाकीसाठी नाही, तिथे शंभर लिटर भरायला लागलात तर मागच्या ट्रकवाल्याचं तोंड बघा. आणि ते धोरणातले तळ झालेच, तर तिथेही टँकरच येईल. बरं, तो टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे कुणी विचारतं का? पण ते जाऊ द्या. पाणी मिळालं असं धरू. ते प्यायचं कसं, ते सांगा. विहिरीचं पाणी नुसतं डोळ्यांना स्वच्छ दिसतं म्हणून टाकीत ओतलंत, तर एका वाटीतली घाण शंभर लिटरांत पसरते आणि मग पाइप, पंप, नळ, सगळंच बाटतं.

हौशी: यात मात्र मी तुमच्याहून जास्त घाबरट आहे. पिण्याचं पाणी टाकीत टाकतच नाही, त्याचा वीस लिटरचा जार वेगळा असतो. टाकीतलं पाणी आंघोळीला, भांड्यांना. तरी त्याला क्लोरीन लागतंच, कारण भाजी त्यातच धुतली जाते आणि चूळ त्याचीच भरली जाते. पाणी गढूळ असेल तर आधी कॅनमध्येच निवळू द्यायचं, फडक्यातून गाळायचं, मगच औषध. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झगडत संपतं. गोळ्या पाकिटावरच्या मापाने टाकायच्या आणि अर्धा तास थांबायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोकळं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावं असं आहे. ते तपासायच्या पट्ट्या मिळतात, नाहीतर नाकाला किंचित वास यायला हवा. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत, म्हणून प्यायचं झालंच तर खळखळून उकळायचं. खाडीकाठच्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, त्याला कुठलीच गोळी उपयोगी नाही, ते सोडून द्यायचं. पहिल्या पावसानंतर तर उघड्या ओढ्याला हातच लावत नाही. लेप्टो काय असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी टाकी एकदा जोरात धुतो: पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, शंभर लिटरला शंभर मिलिलिटर, सगळे नळ उघडून वास येईपर्यंत पाइपांत खेळवायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि मग दोनदा खळबळून काढायचं.

शंकेखोर: म्हणजे एका धुण्याला तीनशे लिटर. ते तरी पनवेलला करता ना?

हौशी: घरीच. तेवढी लाज आहे.

शंकेखोर: मग ती लाज आणखी थोडी पुढे न्या. तुम्ही पाण्याचा जंतूंपासूनचा सगळा प्रवास सांगितलात, आणि तो चोख आहे. पण साबणाचं पाणी कुठे सोडता? ज्या ओढ्याच्या वर तुमचा ट्रेलर, त्याच ओढ्याच्या खाली कुणाचा तरी डवरा असतो. गडांवरच्या टाक्यांचं आपण काय केलं, ते डोळ्यांसमोर आहे. कर्नाळा गडाच्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आहेत. कुणी तरी छिन्नीने एकेक टवका काढून ती खोदली. अशाच टाक्यांत आमचे ट्रेकर उतरून पाय धुतात, चिप्सची पाकिटं सोडतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याविषयी बजावलेलं आहे, की झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईच्या वेळी तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो, तेव्हा टाकी बांधून राखीव पाणी ठेवा आणि ते जपा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा शहाणपणा. तुम्ही नेमकं उलट करता. झरा आहे म्हणून निघता.

हौशी: सांडपाणी कॅनमध्ये साठवून परत आणतो, किंवा ओढ्यापासून लांब, उन्हात, मातीवर पसरून टाकतो. ते झालं. पण आज्ञापत्राचं उदाहरण तुम्ही अर्धंच घेतलंत. ते एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या शिबंदीसाठी होतं. या मुलुखात फिरत्या माणसांचीही परंपरा आहे आणि ती झऱ्यावर, विहिरीवर, दुसऱ्याच्या पाण्यावरच चालत आली. दिवाळीनंतर धनगर घाट उतरून कोकणात येतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं. ते टाकी घेऊन फिरत नाहीत. ज्याच्या शेतात वाडा बसवायचा त्याच्याच विहिरीवर पाणी. लमाणांचे तांडे मीठ-धान्य घेऊन देशभर हिंडले, ते वाटेवरच्या पाणवठ्यांच्या भरवशावर. चाकावरचं घर ही काही परदेशातून आलेली चैन नाही. उलट तुमची नळजोडणी नवी आहे.

शंकेखोर: धनगराचं उदाहरण दिलंत, आता ते पूर्ण करा. शेतकरी धनगराला पाणी देतो, वर धान्य किंवा पैसे देतो, का? कारण रात्रभर शेतात बसलेली मेंढरं लेंड्यांचं खत टाकून जातात आणि पुढचं पीक त्यावर उभं राहतं. येणाऱ्याची वाट बघितली जाते. तुमच्या ट्रेलरची वाट कोण बघतं? तुम्ही मागे काय ठेवून जाता? आणि फिरत्यांचीच गोष्ट करायची तर पनवेल-पेण-कर्जतच्या वीटभट्ट्यांवर जा. पावसाळा संपला की उचल घेतलेली कातकरी कुटुंबं तिथे येतात, पेंढ्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या झोपड्यांत मेपर्यंत राहतात. वीज नाही, नळ नाही. मालक जे पाणी विटांसाठी आणतो त्यातलंच पिण्याला. या जिल्ह्यातले खरे ग्रिडबाहेरचे ते. त्यांच्याकडे टाकीवर विझणारे दिवे नाहीत.

हौशी: मागे काय ठेवतो? पैसे ठेवतो. कॅनमागे विहिरीचा मालक सांगेल तो भाव, घासाघीस न करता. प्रबळमाचीवर गावकरी तंबू लावतात, जेवण देतात, त्यातून घरं चालतात. शहरातला माणूस येऊ नये, असं त्यातला कुणी म्हणणार नाही. तुमचा हा कळवळा त्यांच्या पोटावर पाय देतो.

शंकेखोर: पैसे कुणाला देता? ज्याच्या सातबाऱ्यावर विहीर आहे त्याला. त्याच विहिरीवर इतकी वर्षं शेजारची कातकरवाडी फुकट पाणी भरत आली असेल, तर तुमच्या पहिल्या शंभराच्या नोटेने त्या पाण्याला भाव आला. पुढच्या उन्हाळ्यात तो मालक पंपाला कुलूप लावेल. तुम्ही काहीच वाईट केलं नाही, उलट चोख पैसे मोजलेत, आणि तरी हे झालं.

(इथे लेखकाने मध्ये बोलू नये हा शिरस्ता मोडून एवढंच म्हणतो, की कुलपाचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता, हौशीने पुढचं उत्तर देईपर्यंत. अजूनही वाटतो, पण पूर्वीइतका नाही.)

हौशी: शंभराच्या नोटेने पाण्याला भाव येतो म्हणता? मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. हेटवणे पेण तालुक्यात, त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना. डोंगरातल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या ओढ्याचं पाणी जलवाहिनीतून आपल्या बाथरूममध्ये येतं, रोज, कोट्यवधी लिटर. त्याला कुणी विचारलं नाही, त्याच्याशी कुणी बोललं नाही, भाव तर लांबच. मी त्याच डोंगरात जातो, राम राम करतो, नाव सांगतो, कॅन हातात धरून मागतो, आणि तुमचा आक्षेप माझ्यावर! जलवाहिनीवर नाही, कारण ती जमिनीखाली आहे आणि तिला तोंड नाही. आणखी एक सांगतो, ते तुम्हाला आवडणार नाही. पाणी कुणाचं, बाहेरचा कोण, कुणाचा हात लागला तर चालेल, हे ठरवायचा अधिकार गावाच्या हातात दिल्यावर काय होतं, ते याच जिल्ह्याने पाहिलंय. तेव्हा याचं नाव कुलाबा होतं. सी. के. बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला, आणि तरी चवदार तळ्यावर जायला बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. तेव्हा ‘हे आमचं पाणी, तुम्ही बाहेरचे’ हे वाक्य माझ्यासमोर जरा जपून वापरा.

शंकेखोर: जपून वापरतो. आणि महाडचं नाव काढलंत म्हणून उत्तरही तितक्याच जबाबदारीने देतो. चवदार तळ्यावर ज्यांना अडवलं जात होतं ते त्याच मुलुखात राहणारे, तिथे घाम गाळणारे लोक होते. ज्यांनी अडवलं त्यांच्या हातात जमीन, देऊळ, पैसा, सगळं होतं. अडवलेल्यांनी पाणी घेतल्याने ते तळं काही आटणार नव्हतं. वाडीच्या विहिरीवर चित्र उलटं आहे. मागायला येणाऱ्याकडे गाडी, पैसा, परतीचा रस्ता, आणि विहिरीवर असलेल्या बाईकडे वाटी. महाडचा आधार घ्यायचाच तर तो तिने घ्यायचा. पण एक मान्य करतो. गावाने ठरवावं असं मी म्हणतो तेव्हा गावात ठरवतं कोण, हा प्रश्न मी गाळत होतो. पाटलाला विचारून पाणी घेतलं म्हणजे कातकरवाडीला विचारलं असं होत नाही. आणि जलवाहिनीचंही मान्य. तिच्यावर निदान मोर्चा काढता येतो, महानगरपालिकेला जाब विचारता येतो, एवढाच फरक. त्याने ओढा परत येत नाही.

हौशी: मग आता मीही रीत बदलतो. ट्रेलर आणि गाडी डांबरी रस्त्याला ठेवतो. एकच कॅन घेऊन चालत जातो. मालकाकडे नाही, विहिरीवर जी कुणी पाणी भरते आहे तिच्याकडे. ‘पाणी देता का’ असं विचारत नाही, ‘यंदा पाणी कसं आहे’ असं विचारतो. ती ‘कमी पडतं’ म्हणाली, की तिथूनच मागे. एका हातात वीस लिटर घेऊन चढ चढायचा तर माणूस पाच खेपा मारत नाही, एकच मारतो. आणि टाकीतले तळचे वीस लिटर अमात्यांच्या हिशेबाने राखीव, ते परतीच्या वाटेला.

शंकेखोर: ही रीत मला पुष्कळ पटते. गाडी लांब ठेवण्यात तर फारच अर्थ आहे. पण ती बाई ‘कमी पडतं’ म्हणेल याची खात्री काय? दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. पाण्याला नाही म्हणणं तिला जमणार नाही. ती तुम्हाला तिच्या हंड्यातलं ओतून देईल, वर ‘एवढ्याने काय होतंय दादा’ म्हणेल, आणि तुम्ही वळलात की पुन्हा झऱ्याशी जाऊन बसेल.

हौशी: म्हणजे तिचा नकार खरा आणि होकार खोटा? ती घ्या म्हणाली, तरी तिच्या मनातलं मला तिच्याहून जास्त कळतं असं धरून मी रिकाम्या हाताने यायचं? हा तर तुमचा पाटीलपणा झाला. तिला आतिथ्य करायचं असेल, गप्पा मारायच्या असतील, माझ्याकडचे पैसे हवे असतील. तिचा हिशेब तिला करू द्या की.

शंकेखोर: करू द्या. पण तो करायला तिच्या हातात आकडा हवा. तुम्हाला तुमच्या टाकीचे तीन दिवस ठाऊक आहेत. मी तिथे असतो तर मागण्याआधी विहिरीत डोकावलो असतो, आणि तिला विचारलं असतं, की हे आहे ते तुम्हाला कधीपर्यंत पुरवायचंय.

हौशी: ते तिलाही सांगता येणार नाही. पाऊस सात जूनला लागतो की पंचवीसला, त्यावर ते आहे.